मधली जागा मोकळी ठेवा

शेवंतीमावशी, तुझी शोकसभा होऊन आज आठ दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

सभा लालबागच्या नाक्यावरच घेतली. मंडपावर ताडपत्री घातली होती, कारण पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तुझा फोटो त्यांना कुठे मिळाला कोण जाणे. सत्याग्रहाहून परत आलीस तेव्हाचा आहे, गळ्यात हार, आणि ऊन लागतंय म्हणून डोळे बारीक केलेले. साळसकर पहिल्यांदा बोलले. चळवळीतले तुमच्या विभागातले पुढारी ते, त्यांनीच आधी बोलायचं. म्हणाले, "शेवंतीबाईंनी महाराष्ट्रासाठी देह झिजवला. महाराष्ट्र झाला आणि तीन महिन्यांत त्या गेल्या. जणू तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या." बायकांनी पदराने डोळे पुसले. चाळीच्या मालकांनी पाठवलेला हार तुझ्या फोटोला घातला. सगळ्यांत मोठा तोच होता.

तू तेवढ्यासाठी थांबली नव्हतीस. तू टायफॉइडने गेलीस. तुझ्या खोलीसमोरच्या नळात गटाराचं पाणी शिरलं, ते पोटात गेलं आणि अकराव्या दिवशी तू गेलीस. ते गटार त्या नळापर्यंत कसं पोचलं हे त्या मंडपात निदान दोन माणसांना नीट माहीत होतं. एक साळसकर. दुसरी मी.

मग माझं नाव पुकारलं. "दादरच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई, शेवंतीबाईंच्या स्नेही." मी उठले आणि चार वाक्यं बोलले. तू किती कष्टाळू होतीस, किती हसायचीस, असलंच काहीतरी. खाली बसले तर शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, छान बोललात. तेव्हापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. तिथे बोलायला हवं होतं ते इथे लिहितेय. उशीर झालाय, माहीत आहे मला.

आपली ओळख कशी झाली हेसुद्धा त्या सभेत कुणी विचारलं नाही. गोळीबाराचे दिवस होते. मी परळला एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते आणि परत येताना मोठ्या रस्त्यावर अश्रुधुरात सापडले. डोळे उघडता येईनात. कुणीतरी ढकललं आणि मी एका चाळीच्या अंगणात येऊन पडले. कुणीतरी माझी मान धरून खाली वाकवली आणि डोळ्यांवर गार पाणी ओतलं. एक बादली, दुसरी, तिसरी. "डोळे चोळू नको गो, नुसतां पाणी जावंदे," असं तू म्हणत होतीस. डोळे उघडले तेव्हा आधी दिसली ती विहीर, तू म्हणायचीस ती बाव. दगडी काठाची, दोरांनी झिजलेली, शेजारी एक उंबर. चाळीतल्या बायका रांग करून पाणी काढत होत्या आणि रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाचे डोळे धूत होत्या. त्या दुपारी शंभरेक माणसं तरी तुझ्या अंगणातून डोळे धुऊन गेली असतील. मावशी, याच चळवळीतली होती ती माणसं. हे मी विसरू शकत नाही.

मी आभार मानायला पुढच्या रविवारी आले, आणि मग येतच राहिले. मी गिरगावातली, खोताच्या वाडीजवळच्या पाठारे प्रभूंच्या घरातली, एकटी राहणारी मास्तरीण. तू मालवणकडची, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात आयुष्य घालवलेली, नवरा लवकर गेलेली, सुमनला एकटीने वाढवलेली. मी तुला "तुम्ही" म्हणायचे. तुला ते सहन व्हायचं नाही. "तुमी तुमी काय करतंस गो? मी काय तुझी मोठी बाई आसंय? मावशी म्हण नि तू म्हण." जीभ वळायला मला दोन महिने लागले.

दोन वर्षांनी चाळीला आग लागली. मागच्या ओळीत कुणाचातरी रॉकेलचा स्टोव्ह भडकला आणि जुनं सागवान धडाधड पेटलं. माणूस कुणी गेलं नाही, ते तुझ्या बावीमुळे. बंब येईपर्यंत बादल्या चालू होत्या. पण दोन ओळींतली एक पार गेली आणि दुसरीचं छप्पर बसलं. पंचेचाळीस बिऱ्हाडं उघड्यावर आली. मी हेडबाईंच्या पाया पडून शाळेचा हॉल मिळवला. अकरा दिवस तुम्ही सगळे तिथे होता. मग चाळीच्या जागेवरच पत्र्याच्या शेडी झाल्या आणि सगळे तिकडे परतलात.

मालकांनी नवा आराखडा केला होता. चार मजले, जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अंगण नाही. बाव बुजवायची, उंबर तोडायचा. खोल्या पहिल्यापेक्षा वीस जास्त. तू मला ते सांगायला शाळेत आलीस. मी म्हटलं, निदान पक्कं बांधकाम मिळेल, चांगलंच आहे की. तू माझ्याकडे असं बघितलंस, की मला आपण भूगोल शिकवतो याची लाज वाटली. "रविवारी ये," एवढंच म्हणालीस.

ती रविवारची सकाळ माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली सकाळ होती हे मी तुला कधी सांगितलं नाही. अंगणात राख आणि फुटकी कौलं. तू बावीतून बादली काढायचीस, एका कोपऱ्यात ओतायचीस आणि पाणी कुठे जातं ते कमरेवर हात ठेवून बघत राहायचीस. मी मागून चुन्याची फक्की टाकत त्या ओघळाची रेघ ओढायचे. "पाणी खंय जाता तां पाण्याकच इचार," तू म्हणालीस. चाळीस बादल्या झाल्या असतील. शेवटी सगळ्या रेघा दोन ठिकाणी येऊन मिळाल्या. एक बावीच्या पलीकडच्या खोलगट भागात, जिथलं पाणी जमिनीत जिरून जायचं, आणि दुसरी पूर्वेच्या गल्लीकडे. मालकांच्या आराखड्यात नेमक्या त्या दोन्ही जागांवर भिंती होत्या.

मी पंधरा वर्षं मुलींना युरोपातल्या नद्या शिकवत होते. परळचं पाणी कुठे जातं हे मला त्या दिवशी कळलं.

मग वारा. संध्याकाळी तू एक जुनं लुगडं काठीला बांधून अंगणात उभी राहिलीस. पश्चिमेकडून, दोन घरांच्या फटीतून समुद्राचं वारं येत होतं आणि लुगडं फडफडत होतं. "घर बांधूचां तर आधी वाट ठेवची," असं म्हणालीस. "पाण्याची एक नि वाऱ्याची एक. उरला तेतूर माणसान रवाचां." उरलेल्या जागेत माणसाने राहायचं, असं तुझं साधं गणित.

माझे वडील सर्व्हे खात्यात नकाशे काढायचे. त्यांची पेटी मी बाहेर काढली आणि तीन आठवडे बसून तुझी चाळ कागदावर उतरवली. पुन्हा दोनच ओळी, दोन मजली, पंचेचाळीस बिऱ्हाडांना पंचेचाळीस खोल्या. मधे अंगण, बाव आणि उंबर. संडास वाऱ्याच्या उलट्या बाजूला, बावीपासून जेवढे लांब नेता येतील तेवढे. मोऱ्यांचं पाणी उघड्या पन्हळीतून केळी-अळूच्या वाफ्यात. न जळलेलं सागवान आणि दगड पुन्हा वापरायचे, आणि जळलेला राडारोडा घालून जोतं दोन फूट उचलायचं, म्हणजे पावसाचं पाणी घरात येणार नाही. हे सगळं तुझं होतं. रेघा फक्त माझ्या.

शेडीत नकाशा दाखवला तेव्हा एकजण हसला होता, आठवतं? "केळी नि अळू? ह्यो काय गाव आसा?" तू त्याला म्हणालीस, "गाव नाय म्हणान घाणीत रवाचां?" मग कुणी हसलं नाही. त्याच दिवशी अर्ज लिहिला. मी लिहीत होते, तू सांगत होतीस. पहिलं वाक्य तूच सांगितलंस: मधली जागा मोकळी ठेवा. मी म्हटलं, अर्जाची सुरुवात "विनंती विशेष" अशी करतात. तू म्हणालीस, ती नंतर लिही. चौतीस अंगठे आणि अकरा सह्या झाल्या. मालकांच्या आराखड्यावर वॉर्ड ऑफिसात हरकत घ्यायला महिनाभराची मुदत होती.

त्या शेडीतल्या बैठकीला साळसकरही आले होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "शेवंतीबाई, तुमचं चुकीचं नाही. पण मालक आपला मराठी माणूस आहे. चळवळीला पहिल्यापासून मदत करतोय. उद्या पेपरात येईल, मराठी मालक विरुद्ध मराठी भाडेकरू. शत्रूला काय, हेच पाहिजे. आधी महाराष्ट्र होऊ द्या. मग बावी, झाडं, सगळं आपणच करू."

तू म्हणालीस, "महाराष्ट्र आमका होयो, तां खरां. त्यासाठी लाठी खाल्लंय मी. पण मालक मराठी आसा म्हणान बाव बुजवक देवची काय?"

"देऊ नका. थोडं थांबा म्हणतोय."

"आग थांबली नाय ती."

मी त्या बैठकीत तुझ्या शेजारी बसले होते आणि मनातून मला साळसकरांचं पटत होतं. हेही तुला माहीत नव्हतं. मला वाटायचं, एवढी मोठी लढाई चाललीय, सगळा देश बघतोय, आणि आपण मोरीच्या पाण्यावर भांडतोय. मी शिकलेली होते ना. शिकलेल्या माणसाला मोठी गोष्ट आणि छोटी गोष्ट यांतला फरक लगेच कळतो.

त्याच पंधरवड्यात सीमेवरच्या सत्याग्रहाची तुकडी निघाली. तुझं नाव पहिल्या यादीत होतं. निघायच्या आदल्या दिवशी तू अर्ज आणि नकाशा मेणकापडात गुंडाळून माझ्याकडे आणून दिलास. "मी जाव काय? तू देशीत मां?" असं विचारलंस. मी म्हटलं, जा तू निर्धास्त, सोमवारी देते. तुमच्या तुकडीला घेऊन जाणारी लॉरी मालकांनीच दिली होती. तू तिच्यात चढलीस आणि वरून मला हात केलास.

सोमवारी मधल्या सुट्टीत साळसकर शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात आम्ही बोललो. "बाई, तो अर्ज तुमच्याकडे आहे ना? थोडे दिवस राहू द्या. आत्ताच मालकांनी एवढ्या माणसांची सोय केलीय, आत्ताच त्यांच्याविरुद्ध कागद गेला तर बरं दिसणार नाही."

"मुदत आहे त्याला," मी म्हटलं.

"मुदतीचं मी बघतो. मालकांशी बोलतो. माझ्यावर सोडा."

मी सोडलं. मावशी, एवढंच घडलं. कुणी मला धमकावलं नाही, कुणी माझ्या हातून कागद हिसकावला नाही. घंटा झाली, मी नववीच्या वर्गावर गेले, आणि तो अर्ज माझ्या कपाटात वडिलांच्या पेटीखाली राहिला. पहिल्या आठवड्यात रोज आठवायचा. मग एक दिवसाआड. मग सहामाहीचे पेपर तपासायला आले.

मुदत संपली त्यानंतरच्या शनिवारी मी चाळीत आले. वाटलं, शेडीतल्या बायकांना भेटावं, तुझी काही खबर आली का विचारावं. गल्लीच्या तोंडाशी लॉरी उभी होती. उंबर आधीच पडला होता. जळलेल्या तुळया, कौलं, दगड, ज्यातून आपण जोतं उचलणार होतो तो सगळा राडारोडा, माणसं घमेल्याने बावीत टाकत होती. वर पाणी चढून काठाशी आलं होतं, काळं, राखेचं. सुमन गिरणीत होती. बायका एका बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मी पुढे गेले. मुकादम म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा, गाडी मागे येतेय."

आणि मी बाजूला झाले.

तू पाच आठवड्यांनी तुरुंगातून सुटून आलीस. नाक्यावर गर्दी, लेझीम, हार. तो फोटो तेव्हाचाच. तू हार न काढता चाळीत आलीस आणि जिथे बाव होती त्या सपाट जागेवर उभी राहिलीस. मग मला विचारलंस, "अर्ज?"

मी म्हटलं, "दिला होता. त्यांनी ऐकलं नाही."

मी हे तुझ्या तोंडावर सांगितलं. अडखळलेसुद्धा नाही. तू माझ्याकडे बघितलंस, "बरां" म्हणालीस, आणि सुमनला चहा ठेवायला सांगितलंस.

नवी इमारत पुढच्या पावसाळ्याआधीच उभी राहिली. तुला तळमजल्यावरची खोली मिळाली. मधल्या अंगणाच्या जागी पाच फुटांचा बोळ राहिला, वरून खालपर्यंत अंधारा, त्यावर लादी, लादीखाली गटार आणि गटाराला चिकटून नळाचा पाइप. पश्चिमेच्या फटीत भिंत आली आणि वारं बंद झालं. पहिल्याच पावसाळ्यात बोळात गुडघाभर पाणी. ते नेमकं त्या दोन जागांवर येऊन साठत होतं, जिथे माझ्या चुन्याच्या रेघा मिळाल्या होत्या. तू भांडी वर टांगून ठेवलीस आणि मला म्हणालीस, "बघ, पाणी आपली जागा इसारला नाय." हसत म्हणालीस.

आणि तरीही तू मला बोलवत राहिलीस. दर रविवारी. बोळात पाणी किती चढलं ते भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलेलं असायचं, मी ते वहीत उतरवायचे. कधी हा जिना कुठे हलवता येईल, कधी तो पाइप कुठून वळवता येईल, तू सांगायचीस आणि मी काढायचे. नंतरचे दोन अर्ज तू स्वतः वॉर्ड ऑफिसात घेऊन गेलीस, माझ्या हातात दिले नाहीस. मला वाटलं, तुला आता सवय झाली, हौस वाटतेय.

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी आपण रोषणाई बघायला गेलो. तू रडलीस. खरी रडलीस, मला धरून. तुला त्याचं काही वाटत नव्हतं असं मी कुणाला म्हणू देणार नाही. परत येताना ट्रामची वाट बघत उभे होतो, तेव्हा मी म्हटलं, "आता आपलं राज्य आलं. आता हळूहळू सगळं होईल बघ." तू लगेच फिरलीस. "आता तरी माका थांब म्हणा नको." मी म्हटलं, कुठल्याही गोष्टीला वेळ लागतोच ना. तू म्हणालीस, वेळ आमच्या खोलीत येऊन काढ. आपण भांडलो, भर रस्त्यात, आजूबाजूला माणसं पेढे वाटत असताना. ट्राम आली आणि भांडण तसंच राहिलं. पुढच्या रविवारी दोघींनीही तो विषय काढला नाही.

जुलैमध्ये तळमजल्यावर एकामागोमाग एक माणसं तापाने पडायला लागली. नळाच्या पाण्याला वास येत होता. तू सगळ्यांना पाणी उकळायला लावलंस, आजाऱ्यांसाठी मोठ्या रस्त्यावरच्या नळावरून हंडे आणलेस. दोन मजल्यांच्या बायका तुझ्या शब्दावर चालत होत्या. पण गिरणीतून दमून आल्यावर एखादा पेला तसाच तोंडाला लावला असशील. सुमन म्हणते, असंच झालं असणार. इस्पितळात मी तिसऱ्या दिवशी आले, सहाव्या दिवशी आले, नवव्या दिवशी आले. प्रत्येक वेळी ठरवून आले, की आज सांगायचं. नवव्या दिवशी तू मला ओळखत नव्हतीस, तेव्हा सांगायचा धीर झाला होता.

शोकसभेनंतर मी सुमनबरोबर तुझ्या खोलीत गेले. सत्तावीस वर्षांची बाई ती आता, तुझ्याच खात्यात कामाला, तुझ्यासारखीच उभी राहते. आल्या-गेल्यांचे कप ती विसळत होती. पाणी उकळून गार केलेलं. मी दारातच उभी राहून सांगून टाकलं. अर्ज दिलाच नव्हता, पुढाऱ्यांचं ऐकलं, खोटं बोलले, सगळं.

ती कप विसळत राहिली. म्हणाली, "आईला माहीत होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"जेलमधून आली त्याच्या चौथ्या दिवशी ती ऑफिसात गेली होती. कारकुनाला वही काढायला लावली. आपल्या चाळीचा अर्जच नव्हता वहीत. घरी येऊन मला सांगितलं."

"मग मला का नाही विचारलं?"

"मी म्हटलं होतं, विचार. मीच येणार होते तुमच्या शाळेत, सगळ्यांसमोर विचारायला. आई नको म्हणाली. म्हणाली, बाईक लाज वाटतली नि ती येवची बंद होतली. मगे नकाशो कोण काढतलो?"

मावशी, मी तुझ्यावर जेवढी चिडलेय तेवढी साळसकरांवरही चिडलेली नाही. दीड वर्षाहून जास्त काळ तू माझ्यासमोर बसलीस, मला चहा दिलास, कोळशाच्या रेघा दाखवल्यास, आणि आतून सगळं माहीत होतं तुला. मला शिव्या का नाही घातल्यास? भर चाळीत उभं करून विचारायला हवं होतंस. रडले असते, चार महिने तोंड दाखवलं नसतं, पण आले असते. तू मला तेवढंही जोखलं नाहीस. की जोखलं होतंस, आणि म्हणूनच गप्प बसलीस? हे आता मी कुणाला विचारू? तुला मी एक नकाशा काढणारी हवी होते, तेवढी वापरून घेतलीस. ठीक केलंस. मला तेवढ्यापुरतीच किंमत होती. पण मग इस्पितळात माझा हात का धरून ठेवला होतास त्या सहाव्या दिवशी?

सुमनने कप पालथे घातले आणि म्हणाली, "मी आईसारखी नाही, बाई. मला राग आहे तुमचा आणि तो जाणार नाही. पण मागच्या गल्लीतली चाळ आता पाडायला काढलीय. तीही तशीच बांधणार आहेत. तिथे दोन बावी आहेत. रविवारी या."

हे साळसकरांच्या कानावर गेलं असणार, कारण गुरुवारी ते पुन्हा शाळेत आले. पुन्हा मधल्या सुट्टीत, पुन्हा त्याच व्हरांड्यात. "बाई, अजून तिचा तेरावा व्हायचाय. लगेच हे काय काढता? नवं राज्य आहे, जरा बसू द्या घडी." मी त्यांना सगळ्या शिक्षकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, की मुदतीचं तुम्ही बघणार होता, काय बघितलंत? ते इकडेतिकडे बघायला लागले. म्हणाले, "तुम्हाला दुःख झालंय, मी समजू शकतो."

"मला राग आलाय," मी म्हटलं. "तुमचा आणि माझा."

ते टोपी घालून निघून गेले. हेडबाईंनी मला आत बोलावून बजावलं, की शाळेच्या आवारात राजकारण नको. त्या चाळीच्या मालकांची शाळेच्या मंडळात ओळख आहे, मला माहीत आहे. जे व्हायचं ते होईल.

काल रविवारी मी मागच्या गल्लीत गेले. तिथल्या बायका वाट बघत होत्या. बऱ्याचजणी तुझं नाव घेऊनच बोलत होत्या. शेवंतीबाय म्हणायची, आधी वाट ठेवायची. अर्ज लिहिला, अंगठे झाले. अर्ज सुमन स्वतः नेणार आहे. माझ्याकडे द्यायला ती तयार नाही आणि मी मागितलाही नाही.

मग मोजणीला लागलो. पहिल्या बावीच्या काठावर वाकून मी आत बघितलं. पाणी चांगलं होतं, तळ दिसत होता. तिथे उभं असताना मला एकदम भरून आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. मी पदर तोंडाला लावला.

सुमनने टेपचं टोक माझ्यापुढे धरलं. "नंतर रडा, बाई," ती म्हणाली. "आधी हे धरा. ऊन आहे तोवर दोन्ही मोजून घेऊ."

मी टोक धरलं.